‘हाफ इंच म्हणजे हाफ इंच’? नाही, पाव्हणं!

नांगरटीचे दिवस आले की तासगाव-पलूसकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: पलटी नांगराच्या पाइपाचं क्विक कपलिंग, म्हणजे ट्रॅक्टरचं दाबाचं तेल नांगराकडे नेणारा पाइप झटकन जोडायचा-सोडायचा सांधा, म्हणजे तरी काय? एक स्प्रिंग, चार छर्रे आणि नळी. कुपवाडच्या कुठल्याही लेथवर नमुना टाका, निम्म्या पैशात हुबेहूब मिळेल. हाफ इंच सगळं सारखंच. बसेना तर ठोका, गळलं तर टेप गुंडाळा, आणि काढून ठेवताना टोपी लावा. शेवटी टोमणा: किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला कुणी शिकवू नये.

टोमणा मला मान्य आहे. 1910 पासून तिथं कारखाना चाललाय आणि कुपवाड-मिरजेच्या शेडमध्ये आजही अव्वल काम होतं. मी स्वतः याच धंद्यात आहे. माझं भांडण बाकीच्या मजकुराशी आहे.

‘नमुना दिला की हुबेहूब होतं.’ नमुना म्हणून जातो तो बहुधा दोन-तीन हंगाम वापरलेला तुकडा. टर्नर प्रामाणिक असेल तर तो झीजसुद्धा इमानदारीनं उतरवतो. आणि जे व्हर्नियरला, म्हणजे मापपट्टीला, दिसतच नाही, त्याचं काय? कपलिंग जोडलेलं राहतं ते छर्‍यांवर. कपलिंगचे दोन भाग: आत शिरतो तो नर, त्याला धरते ती मादी. मादीतले छर्रे नराच्या खाचेत उतरतात आणि बाहेरची सरकती बाही त्यांना वर उठू देत नाही. आता हिशेब करा. सील बसतं तिथला व्यास 20 मिमी धरला, तर क्षेत्रफळ साधारण 3.14 चौरस सेंमी. 200 बार (1 बार म्हणजे चौरस सेंमीला साधारण 1 किलो) दाबाला नर-मादीला फाकवणारा जोर जवळजवळ 640 किलो होतो. छर्रे 8 असले तर एकेकाच्या वाट्याला 80 किलो, तेही टोकाएवढ्या जागेवर. खाच मऊ लोखंडाची असेल तर प्रत्येक झटक्याला छर्रा तिथं खळगा पाडतो. पहिल्या दिवशी कपलिंग झकास चालतं, म्हणूनच लोक फसतात. पुढं खळगे वाढतात, नर हलायला लागतो, ओ-रिंगमागची (सीलच्या रबरी कड्यामागची) फट मोठी होते आणि दाबाखाली रबर त्या फटीत शिरून कुरतडलं जातं. मग ‘सील हलकं होतं’ म्हणून दुकानदाराला शिव्या. दोष असतो खाचेच्या कडकपणात. पृष्ठभाग कडक करणं, मग ग्राइंडिंग, मग दाबाची चाचणी, एवढं जो लेथवाला करून देतो त्याच्याकडून जरूर घ्या. पण मग तो निम्म्या पैशात देणार नाही.

‘हाफ इंच सगळं सारखं.’ आयएसओ 7241 या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात ए आणि बी अशा दोन मालिका आहेत आणि त्या एकमेकींत बसत नाहीत. लोडरवर दिसणारं सपाट तोंडाचं कपलिंग आयएसओ 16028 चं, ते तिसरंच. आट्यांची गंमत तर आणखी वाईट. हाफ इंच बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे) आणि हाफ इंच एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे), दोन्हींना इंचात 14 आटे. त्यामुळे सुरुवातीला फिरतात, पण एकाचा कोन 55 अंश, दुसर्‍याचा 60. पुढं अडकतात, आणि पान्याला पाइप लावून ताण दिला की आटे गेले.

‘बसेना तर ठोका.’ यावर जरा थांबतो, कारण इथं माणूस जखमी होतो. नांगर सोडून उन्हात ठेवला की पाइपात कोंडलेलं तेल तापून फुगतं. कडक भांड्यात बंद असेल तर तापमान 1 अंश वाढल्यावर दाब ढोबळमानानं 10 बार चढतो. पाइप थोडा फुगतो म्हणून तिथं कमी, पण चढतो हे नक्की. आतल्या झडपेची बैठक 12 मिमीची आणि दाब 100 बार असेल तर ती हातानं ढकलायला 115 किलोच्या आसपास जोर लागेल. पैलवानालासुद्धा जमायचं नाही. ठोकलं तर झडपेची दांडी वाकते. काहीजण पाइपाचा नट सैल करून तेल सोडतात, ते त्याहून धोक्याचं: बारीक फटीतून सुटलेली धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. साधा उपाय असा: नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लीव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब उतरवा आणि मगच कपलिंग काढा. कोंडलेल्या दाबातही बसणारी कपलिंगं मिळतात, महाग असतात.

‘टेप गुंडाळा.’ सरळ, म्हणजे निमुळत्या नसलेल्या, आट्यांचं सांधकाम खालच्या वॉशरवर होतं, आट्यांवर नाही. तिथं टेपचा उपयोग शून्य. उलट त्याचे तुकडे झडपेत जाऊन ती अर्धवट उघडी राहते. आणि गळती नर-मादीच्या सांध्यातून असेल तर टेप लावणार कुठं? तिथं ओ-रिंगच बदलायची, तीही नायट्राइल रबराची. काळी दिसते म्हणून ईपीडीएम या दुसर्‍या रबराची उचलली तर ती खनिज तेलात फुगते.

टोपीचं वाक्य मात्र सोळा आणे खरं आहे. काळ्या रानातला एक खडा सीलवर ओरखडा पाडायला पुरतो. त्यात एवढंच जोडा: कपलिंग जोडलेलं असताना नराची आणि मादीची टोपी एकमेकींत अडकवून ठेवा, नाहीतर लोंबत्या टोपीत चिखल साठतो आणि संध्याकाळी तोच आत जातो.