फितूर म्हणे!

आज सकाळी भावंडांची अख्खी टोळी घेऊन चांदबीबी महालावर गेलो होतो. नगरला (हो हो, अहिल्यानगर, जीभ अजून वळत नाही) पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचंच असतं. पाथर्डी रस्ता धरायचा, गाड्या वर चढवायच्या, कमानीत उभं राहून फोटो काढायचे, भेळ खायची. पाऊस पडून गेलेला, डोंगर हिरवागार, वारा असा की ओढण्या सांभाळता येईनात. सगळं मस्त चाललेलं. आणि आमचा चुलतदादा पुण्याच्या पाहुण्यांना सांगतो, "हा राणीचा महाल. लय लढली बाई अकबराच्या फौजेशी. पण शेवटी फितूर झाली, मग तिच्याच माणसांनी कापली."

तोंडात भेळ होती म्हणून गप्प बसलो. आता घरी आलोय, चहा झालाय.

पहिली गोष्ट, तो महाल तिचा नाहीच. तो सलाबतखानाचा मकबरा, मुर्तझा निजामशहाच्या वजिराचा. तळघरात थडगं आहे, उतरून बघायचे कष्ट कोण घेतो! बाईच्या नावावर आपण काय ठेवलं, तर दुसऱ्याची कबर. बरं, तेही सोडा, लोकांनी प्रेमानं नाव दिलं असेल.

पण फितूर?

१५९५ चा डिसेंबर. अकबराचा मुलगा मुराद आणि मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम नगरच्या भुईकोटापुढे येऊन बसले. त्यांना बोलावलं कुणी? निजामशाहीतल्याच मियाँ मंजूनं. दरबारात एकेका गटानं आपापला सुलतान उभा केलेला, तेव्हा आपलं पारडं जड व्हावं म्हणून. मग पस्तावला आणि निघून गेला. त्याला कुणी फितूर म्हणतं का? त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. किल्ल्यात उरली कोण, तर चांदबीबी. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, पदरात भावाचा नातू बहादूर. पोर होतं ते, त्याच्या नावानं ती राज्य राखत होती.

मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. त्यांच्याच छावणीतल्या एकानं आत खबर दिली, तेव्हा आतल्यांनी उलट खणून काही सुरुंग निकामी केले. एक उडाला. तटाला भलंमोठं खिंडार पडलं. मोठमोठे सरदार पळायच्या बेतात असताना ही बाई चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, नागडी तलवार हातात धरून खिंडारात येऊन उभी राहिली. दिवसभर मोगलांना आत येऊ दिलं नाही आणि रातोरात गवंडी, मजूर, शिपाई सगळे लावून तट पुन्हा चढवला. तोफगोळे संपले तेव्हा नाणी डागली म्हणतात, आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची. हे सगळ्यांना पाठ आहे. दादालाही.

आमच्या आत्याचंही असंच आहे. तिचा बांधावरचा किस्सा सगळ्यांना पाठ.

आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. वडील नोकरीला पुण्यात, काका बाजार समितीत नाहीतर पारावर. अकरा एकर तिनं सांभाळली. शेजाऱ्यानं बांध कोरायला सुरुवात केली तेव्हा हातात खुरपं घेऊन ट्रॅक्टरपुढे जाऊन बसली. "घाल वरून," म्हणाली. ट्रॅक्टर मागे गेला. आमच्याकडे लग्नात हा किस्सा झाल्याशिवाय पंगत उठत नाही.

पुढचं कुणी सांगत नाही.

पुढे नऊ वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा. वकील, मोजणी, फेरमोजणी, एसटीनं जा, ये. आणि मग आत्यानं तडजोड केली. चार गुंठे सोडले, बदल्यात विहिरीकडे जायची वाट कायमची कागदावर लिहून घेतली. घरात आग लागली. "परस्पर विकून आली." "समोरच्याला मिळाली." बैठक बसली. तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या, मागच्या खोलीत तिची चूल वेगळी मांडली.

आता परत चांदबीबीकडे येतो. १५९६ मध्ये तिनंही तह केला. वऱ्हाड दिलं, नगर राखलं, बहादूरची गादी मान्य करून घेतली. वऱ्हाड म्हणजे काही चार गुंठे नव्हेत, मान्य. पण मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नाही, विजापूरची कुमक निघालीय, किल्ल्यात दाणा संपत आलाय, हे सगळं जोखून नेमक्या वेळी बोलणी लावायला काय लागतं? खिंडारात उभं राहायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी त्याच शत्रूशी किती देऊ आणि किती राखू याचा हिशोब करायला आणखी काहीतरी लागतं. पण तहाचं चित्र कोण काढणार! शाळेच्या भिंतीवर तलवारवालीच बरी दिसते.

चार वर्षांनी, १६०० मध्ये, पुन्हा मोगल. या वेळी अकबराचा धाकटा मुलगा दानियाल. दरबारातले सरदार एकमेकांच्या उरावर, बाहेरून कुणी येणार नाही हे उघड. तिचा बेत सरळ होता. किल्ला द्यायचा, जीव वाचवायचे, पोराला घेऊन जुन्नरला जायचं आणि तिथून पुढचं बघायचं. वाट राखायची, बस्स. तर हमीदखान नावाचा एक दिवटा रस्त्यात ओरडत सुटला, की बाई मोगलांना मिळाली. लोक महालात घुसले आणि तिला मारलं. मग या इमानदारांनी काय दिवे लावले? थोड्याच दिवसांत तट उडाला, किल्ला पडला, आतली माणसं कापली गेली आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत धाडलं. ती जे टाळू बघत होती ते सगळं झालं. आणि सव्वाचारशे वर्षांनी आमचा दादा भेळ खात म्हणतो, फितूर!

ती राजघराण्यातली, तिला रयतेचं काय पडलं होतं, असं कुणी कॉमेंटमध्ये लिहिणारच. असेलही. पण ज्यांनी मारलं ते काय रयतेसाठी लढत होते?

चांदबीबीच्या आईचीही तीच कथा. खुंजा हुमायूँ. नवरा गेल्यावर तिनं कारभार चालवला आणि पोटच्या पोरानं तिला कैदेत टाकलं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात त्या काळचं एक फारसी हस्तलिखित आहे, त्यातल्या चित्रांत हुसेनशहाच्या शेजारी ती बसलेली होती. होती म्हणतो, कारण नंतर कुणीतरी तिला पुसून टाकलंय. सुलतान सिंहासनावर जागच्या जागी, आणि शेजारी नुसता डाग.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. दादावर कशाला चिडू? किल्ल्या काढून घेतल्या त्या बैठकीला मीही होतो. सतरा वर्षांचा होतो, म्हणजे अगदी लहान नव्हतो. कागदावर नेमकं काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं, आत्यानं माझ्याकडूनच वाचून घेतलेलं. मी तोंड उघडलं नाही. रात्री ताट घेऊन मागच्या खोलीत गेलो तर म्हणाली, "वाट नसल्यावर वावर काय चाटायचं का रं?" आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. पुढे सहा वर्षं जगली, हा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मघाशी निघताना दादा म्हणाला, उद्या लवकर उठायचंय, कांदा भरायचाय. पहाटे पाचला पिकअप येणार आहे. विहिरीच्या वाटेनं.