धबधबा नंतर, आधी खोली बघू

युगांडातल्या मर्चिसन फॉल्सला जायचं ठरलं की पहिला वाद धबधब्यावरून होत नाही, झोपायचं नाईलच्या कुठल्या काठावर यावरून होतो. जिराफ, सिंह, हत्तींचे कळप बघायचे तर उत्तर काठ. धबधब्याच्या माथ्यावर जायचं तर दक्षिण काठ, आणि कंपालाहून मसिंदीमार्गे येणारा रस्ताही दक्षिणेकडूनच. पूर्वी पारा नावाच्या ठिकाणी नदी ओलांडायला फेरीबोट होती. शेवटची फेरी चुकली की काठ आपोआप ठरायचा आणि घरात शांतता राहायची. आता तिथे पूल झाला आणि दोन्ही काठ भांडायला मोकळे झाले.

सांगलीहून मामा-मामी आमच्याकडे कंपालाला आले, तेव्हा हा वाद जेवणाच्या टेबलावर कित्येक रात्री चालला. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उत्तरेला पारा सफारी लॉज आहे, पोहायचा तलाव वगैरे, हे ऐकून ते म्हणाले, “नाईल असताना तलाव कशाला?” मग डॉलरचे रुपये केले आणि तो विषय संपला. दक्षिणेला रेड चिलीसारखे कॅम्प आहेत, बांडा म्हणजे गवती छपराच्या खोल्या, नाहीतर तंबू. थेट धबधब्याच्या माथ्याजवळही मुक्कामाची जागा आहे, तंबू आपला न्यायचा. तंबू म्हटल्यावर मामी नुसत्या माझ्या बायकोकडे बघत राहिल्या.

मामींचे प्रश्न ठरलेले. गरम पाणी आहे का, चहा मिळतो का, पाली आहेत का. चहाची काळजी युगांडात नसते. आफ्रिकन टी मागवला की आलं घालून दुधात उकळलेला चहा येतो आणि मामींसारखी बाईसुद्धा दुसरा कप मागते. शाकाहाराचंही अडत नाही. चपातीचे तुकडे करून त्यावर घेवड्याची उसळ घालतात, त्याला किकोमांडो म्हणतात. पालींबद्दल मी काही बोललो नाही.

शेवटी मामांनीच एक स्वस्त कॅम्प शोधला. दक्षिण काठ, नदी समोर, बांडा हवेशीर. फक्त संडास बाहेर, सामाईक. “आमचं अर्धं आयुष्य तसंच गेलं,” मामा म्हणाले.

वाटेत गाडीत सगळ्यांचा धीर वाढावा म्हणून मी अमेरिकन लेखक हेमिंग्वेची गोष्ट सांगितली. जानेवारी १९५४ मध्ये तो बायकोबरोबर छोट्या विमानातून हा धबधबा बघत होता. विमान तारेला अडकून खाली आलं. रात्र नदीकाठी, हत्तींच्या शेजारात काढली. दुसऱ्या दिवशी एका बोटीने त्यांना आल्बर्ट सरोवरावरच्या बुटियाबाला पोहोचवलं. तिथे घ्यायला आलेलं दुसरं विमान उडतानाच पेटलं. इकडे वर्तमानपत्रांनी त्याचे मृत्युलेखही छापले. म्हणजे बघा, मी म्हटलं, त्यापेक्षा आपली सोय किती चांगली. मामी म्हणाल्या, “त्यांना निदान संडासाला लांब जावं लागलं नसेल.”

उद्यानाचं तिकीट चोवीस तासांचं असतं. त्यामुळे फाटकातून आत शिरताच मामांनी घड्याळ बघून वेळ डायरीत लिहिली आणि त्या क्षणापासून आम्ही कर्जात असल्यासारखे वागू लागलो. त्यातच त्सेत्से माश्या. गाडी हलली की मागे लागतात आणि कापडातूनही चावतात. रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात, कारण हे रंग त्यांना ओढतात. मामांचा टी-शर्ट नेमका त्याच निळ्या रंगाचा होता. त्यांनी काच वर केली तेव्हा आत आधीच अर्धा डझन पाहुण्या होत्या. पुढचा रस्ता मामांनी डायरीने माश्या मारत काढला. वेळेची नोंद पुसली गेली ती तिथेच, असं मामींचं म्हणणं.

रात्री जेवायच्या जागेवरून आम्हाला खोलीकडे सोडायला अस्करी म्हणजे राखणदार आला, हातात बॅटरी. त्याने शांतपणे सांगितलं की अंधार पडला की पाणघोडे चरायला वर येतात. काही करत नाहीत. एवढंच, की त्यांच्या आणि नदीच्या मधे कधी यायचं नाही. मामांनी मान डोलावली. मग वळून बघितलं. संडास नदीच्या बाजूला होता.

रात्री कधीतरी माझ्या दारावर टकटक झाली. “अरे, जागा आहेस का?” मामांचं वय असं, की रात्रीत एकदा उठणं चुकत नाही. आम्ही दाराच्या फटीतून बघितलं. चांदण्यात एक पाणघोडा गवत खात होता. खात कसला, उपटत होता. चरचर आवाज भिंतीच्या आत ऐकू येत होता. मामांच्या डोळ्यांतला पाटबंधारेवाला जागा झाला. हा इथे, नदी तिथे, संडास मधे, असं त्यांनी बोटाने दाराच्या फळीवर काढून दाखवलं. “डावीकडून वळसा घातला तर?” मी म्हटलं, मामा, तो तुमच्यापेक्षा वेगात पळतो. “मग तो जाईपर्यंत थांबायचं?” हो. “किती वेळ चरतो हा?” मी म्हटलं, रात्रभर.

अस्करीला हाक मारावी तर पाणघोडा बिथरेल, न मारावी तर मामा. शेवटी आतून मामींनी आदल्या दिवशीची पाण्याची रिकामी बाटली पुढे केली आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या विषयावर आमच्या घरात आजही कोणी बोलत नाही.

धबधबा? हो, तोही बघितला. पाराहून बोट प्रवाहाच्या उलट वर जाते, काठाला मगरी तोंड उघडून पडलेल्या असतात, आणि धबधब्याच्या थोडं अलीकडे ती थांबते. तिथून रेंजरबरोबर चढायचं. वर पोहोचल्यावर दिसतं ते असं, की अख्खी नाईल जेमतेम सात मीटर रुंद फटीत घुसते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. “आमच्या गल्लीएवढी जागा नाही आणि एवढं पाणी!” मामा ओरडले, पण ऐकू कोणाला येणार. पायाखालचा खडक थरथरतो. १८६४ मध्ये सॅम्युअल बेकर इथे आला आणि त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष मर्चिसन यांचं नाव याला दिलं. अध्यक्षसाहेब कधी इकडे फिरकले नाहीत. त्यांनी खोली शोधायचा त्रास बिनबोभाट वाचवला. पुढे इदी अमीनने धबधब्याला इथल्या बुन्योरो राज्याच्या कबालेगा राजाचं नाव दिलं, तेही टिकलं नाही. बाजूलाच उहुरू नावाचा दुसरा धबधबा आहे, १९६२ च्या मोठ्या पुरात नदीने स्वतःच काढलेला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटाफुटाने मोजत आयुष्य काढलेल्या मामांना हा सगळ्यात आवडला. “सांडवा,” ते म्हणाले. मग रेंजरला विचारलं, विसर्ग किती क्युसेक? रेंजरने “खूप, सेबो”, म्हणजे “खूप, साहेब”, एवढंच सांगितलं. तेवढ्यात पार्किंगमध्ये एका बबूनने मामींचा चकलीचा डबा पळवला आणि जलशास्त्र तिथेच थांबलं.

कंपालाला परतल्यावर सांगलीहून मामांच्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तेही पुढच्या वर्षी येणार म्हणतात. धबधबा कसा होता, त्यांनी विचारलं.

“धबधबा चांगलाय रे,” मामा म्हणाले. “पण तू खोली घेताना आधी संडास आत आहे का ते विचार. आणि निळा शर्ट आणू नकोस.”