दाजी आणि सरकती भिंत

ठिबकच्या कंपनीनं यंदा डीलर मीट हैदराबादला ठेवली, आणि ती पण कन्व्हेन्शन सेंटरमधी. आतापर्यंत आमच्या मीटिंगा व्हायच्या वसमत रोडच्या मंगल कार्यालयात, मागं आदल्या दिवशीच्या लग्नाचा 'शुभविवाह' तसाच चिकटलेला, त्याच्याखाली बसून आम्ही व्हॉल्व्हचे नवे रेट ऐकायचो आणि कुणाची काहीच तक्रार नव्हती. पण नव्या साहेबाला स्टँडर्ड वाढवायचं होतं म्हणे. माझ्यासोबत दुकानातले पार्टनर म्हणून आमचे दाजी.

परभणीला देवगिरी एक्सप्रेसमधी बसल्या बसल्या दाजींनी मोबाईल काढून क्लासच सुरू केला. हैदराबादेत सगळ्यात नावाजलेलं म्हणजे एचआयसीसी, हैदराबाद इंटरनॅशनल कन्व्हेन्शन सेंटर, हायटेक सिटीजवळ, २००६ साली सुरू झालेलं, हॉलमधी एक खांब नाही अन् पाचेक हजार माणूस बसतं! २०१० ला जगभरच्या गणितवाल्यांची काँग्रेस तिथंच भरली, भारतात पहिल्यांदाच, आणि त्यांचं ते फील्ड्स मेडल, गणितातलं सगळ्यात मानाचं बक्षीस, आपल्या प्रतिभाताईंनी राष्ट्रपती म्हणून स्वतःच्या हातानं दिलं. २०१७ ला इवान्का ट्रम्प आली ती पण तिथंच. पूर्णा येईपर्यंत अख्ख्या डब्याला वाटायला लागलं की दाजींचाच सत्कार आहे.

आमची मीटिंग तिथं नव्हतीच. दुसऱ्याच एका सेंटरात होती, नाव कशाला घ्या.

गेटवर गळ्यात पट्टा अडकवला, त्यावर कोड, तो स्कॅन होईना, मग बाजूला उभं केलं. तिथून हॉलपर्यंत चालणं इतकं की दाजी म्हणले, एवढ्यात तर शेताला चक्कर झाली असती. आत एसी असा की परभणीच्या ४४ डिग्रीत वाढलेला गडी पहिल्या भाषणातच कानाला रुमाल बांधून बसला. "एवढा खर्च ह्यांचा भाड्यात निघतो का रे?" दाजींचं डोकं शेवटी दुकानदाराचंच. म्हणलं दाजी, शहरं असली सेंटरं निव्वळ भाड्यासाठी थोडीच बांधतात, बाहेरगावची माणसं आली की हॉटेलात झोपतात, टॅक्सीत फिरतात, बिर्याणी खातात, बायकोला मोत्याचा सर नेतात, खरी कमाई ती. म्हणून तर दिल्लीत १९५६ पासून विज्ञान भवन असताना पुन्हा २०२३ ला, जी-२० च्या तोंडावर, २७०० कोटींचा भारत मंडपम उभा राहिला. सराचं ऐकून दाजी गप्प झाले, ताईनं चारमिनारजवळून आणायला सांगितलेलाच होता.

खरा घोळ जेवणानंतर झाला. आम्ही जेवून आलो तर आमचा हॉलच अर्धा गायब! असल्या सेंटरात भिंती सरकत्या असतात, छताला रूळ, रुळाला लटकलेली जाडजूड पॅनेलं, जेवायच्या सुट्टीत माणसं येतात, ढकलतात, एका हॉलचे दोन करतात. सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. दाजींची पिशवी, तिच्यात बीपीची गोळी अन् ताईनं दिलेल्या दशम्या, राहिली भिंतीपलीकडं, आणि पलीकडं भरलेली हाडाच्या डॉक्टरांची परिषद.

दाजी गेले पिशवी आणायला ते येईनातच. मी दारातून डोकावलो तर हे चौथ्या रांगेत, मांडीवर पिशवी, पडद्यावर भलामोठा गुडघा. प्रश्नोत्तरं चालू होती, माईक फिरत फिरत यांच्यापाशी आला अन् दाजी उभेच राहिले की! "डाव्या बाजूचा दुखतोय, विहिरीच्या पायऱ्या उतरताना जास्त." डॉक्टर मंडळींना वाटलं पेशंटची केस सांगायला लागलेत, एकानं गंभीरपणे विचारलं, वय किती? "आमचंच का? अठ्ठावन." तिथून पुढं हॉलमधी जो हशा झाला तो आमच्या बाजूला भिंतीतूनबी ऐकू आला म्हणतात, साउंडप्रूफ असून. पण एका भल्या डॉक्टरनं चहाच्या वेळेला गुडघा दाबून बघितला हे सांगायलाच पाहिजे. फुकट.

आमच्याकडं तोवर नव्या रेटलिस्टा वाटून झाल्या होत्या, जुन्याच, वर कलर प्रिंट.

संध्याकाळी पोरं भिंत परत गोळा करायला लागली तसे दाजी त्यांच्या मुकादमाला चिकटले. पॅनेल काय फुटानं पडतं? सेलूच्या वाड्यात धाकट्या भावाशी वाटणी झालीये, मधी असली एक टाकू, भांडण झालं की लावायची, पोळ्याला सरकवून द्यायची. मुकादम बिचारा नीट हैदराबादी हिंदीत समजवत होता की सगळा भार वरच्या बीमावर येतो, तुमचं छत कसलं आहे ते सांगा.

"पत्रे," दाजी म्हणले.

तो गडी ढकलत होता ते पॅनेल सोडून हसत खालीच बसला.