छत्तीस गुण आणि एक रायफल

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफली जमवणारा माणूस रोज सकाळी छातीशी बंदूक धरून आरशासमोर उभा राहत असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती याहून फार केविलवाणी आहे. असा माणूस बहुतेक वेळ डोळ्याला भिंग लावून आणि दातांत छोटी विजेरी धरून, सुकलेल्या तेलाखाली दडलेले चार आकडे वाचत बसलेला असतो. ओहायोत स्थायिक झाल्यावर मला हा छंद जडला. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी ओळख करून देणारे गृहस्थ नाव सांगून झाल्यावर क्षणभर थांबतात आणि मग आवाज खाली आणून पुढचे सांगतात.

ज्या रायफलीपायी हे सारे सोसायचे, तिचे नाव काराबिनर ९८ के. जर्मन सैन्याने ती १९३५ साली रीतसर स्वीकारली, पण कारखान्यांतून ती त्याआधीच निघू लागली होती. लांबी १११ सेंटीमीटर, वजन सुमारे चार किलो, पोटात पाच काडतुसे. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे १ कोटी ४० लाख रायफली तयार झाल्या, त्यामुळे ही दुर्मीळ वस्तू मुळीच नव्हे. पण आपल्याकडची प्रत दुर्मीळ आहे हे सिद्ध करण्यातच संग्राहकाचे आयुष्य जाते, आणि त्यासाठी लागणारा सगळा गोंधळ जर्मनांनी आधीच करून ठेवलेला आहे. कारखान्यांची नावे शत्रूला कळू नयेत म्हणून त्यांनी रायफलींवर सांकेतिक खुणा ठोकल्या. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची खूण आधी एस/४२, मग नुसते ४२, मग बीवायएफ आणि अगदी शेवटी एसव्हीडब्ल्यू अशी बदलत गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या शस्त्रांवर बंधने घालणाऱ्या व्हर्सायच्या तहाच्या धाकाने सुरुवातीला सालसुद्धा लपवले जाई: १९३४ साठी के आणि १९३५ साठी जी. ज्यांच्यापासून ही गुपिते दडवली, त्यांचीच नातवंडे आज ती पाढ्यांसारखी घडाघडा म्हणून दाखवतात.

रायफलींच्या क्रमांकांची कथा याहून बिकट आहे. दर साली प्रत्येक कारखाना एकपासून सुरुवात करी, दहा हजार झाले की पुन्हा एकवर येई आणि आकड्यांखाली ए, बी, सी असे लहानसे अक्षर जोडत पुढे जाई. ढोबळ हिशेब केला, तर चार आकडी असा कोणताही क्रमांक घ्या, तो हजाराहून अधिक रायफलींवर सापडेल. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाला अमेरिकन सरकार जो परवाना देते, त्यात प्रत्येक शस्त्राची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. त्या वहीत कारखाना, साल आणि ते चिमुकले अक्षर जपून लिहिताना माझी मान जितकी अवघडते, तितकी दिवसभर संगणकासमोर बसूनही अवघडत नाही.

खरा छळ मात्र जुळवाजुळवीचा. हा क्रमांक रायफलीवर एकाच जागी नसतो. नळीवर, बोल्टवर (म्हणजे काडतूस नळीत ढकलून तिचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर), खटक्यावर, चापाच्या कड्यावर, मॅगझीनच्या तळपट्टीवर, नळी आवळणाऱ्या पट्ट्यांवर आणि लाकडी दस्त्याच्या पोटातही तो पूर्ण किंवा शेवटच्या दोन आकड्यांपुरता ठोकलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांत तर स्क्रूसुद्धा सुटत नसत. हे सगळे एकच निघाले तर किंमत एक, आणि एखादा जरी वेगळा निघाला तर किंमत दुसरी. एका रविवारी ओबर्नडॉर्फची १९४१ सालची रायफल जेवणाच्या टेबलावर सुटी करून मी कागदावर भागांची नावे आणि त्यांपुढे बरोबरच्या खुणा मांडत होतो, तेव्हा माणगावहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आमच्या सासूबाई चष्मा सावरत शेजारी येऊन बसल्या. कागदाकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "जावईबापू, किती गुण जुळले?"

पत्रिका पाहण्यात सासूबाईंचा अधिकार मोठा आहे, आणि त्यांना हा विषय जितक्या लवकर समजला तितका माझ्या कोणत्याही मित्राला समजलेला नाही. मी म्हणालो, "आई, सगळे जुळतात, फक्त बोल्ट जुळत नाही." त्यांनी बोल्ट हातात घेतला, त्याचे वजन अजमावले, आणि "म्हणजे मुलगी चांगली आहे, पण मंगळ आहे," असा निर्णय दिला.

हा मंगळ येतो कसा, तेही सांगितले पाहिजे. शरण आलेल्या जर्मन तुकड्यांच्या रायफली निकामी करण्यासाठी त्यांचे बोल्ट काढून वेगळ्या ढिगात टाकले जात. पुढे घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाला आठवण म्हणून रायफल न्यायची असे. तो एका ढिगातून रायफल उचली आणि दुसऱ्या ढिगातून हाताला लागेल तो बोल्ट. बोल्ट अंगठ्याने मागेपुढे सरकला की सैनिकाचे काम झाले, कारण पुढे ऐंशी वर्षांनी कोणी भिंग घेऊन बसेल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसणार. काहींनी तर सामानाच्या पिशवीत मावावी म्हणून नळीच्या पट्टीखाली दस्ता करवतीने कापला. तो काप पट्टीआड झाकला जातो, त्यामुळे पट्टी सरकवून पाहिल्याखेरीज व्यवहार करू नये, हे या छंदातले पहिले शहाणपण आहे.

सोव्हिएत मंडळींनी मात्र या कटकटीचा निकाल एका फटक्यात लावला. लाखो जर्मन रायफली त्यांच्या हाती पडल्या. त्या त्यांनी सुट्या केल्या, सगळे भाग एकत्र मिसळले, धातू नव्याने काळा केला, दस्त्यांवर लाखेचा लालसर थर चढवला आणि बोल्टवरचा मूळ क्रमांक खोडून समोर असलेल्या रायफलीचा क्रमांक त्यावर कोरला. छत्तीसच्या छत्तीस गुण, आणि तेही हुकमाने! कागदोपत्री इतका सुखी संसार कोठेही आढळणार नाही, तरी संग्राहक अशा रायफलीकडे पाहून नाक मुरडतात. युगोस्लाव्हियात क्रागुयेवाचच्या कारखान्याने स्वस्तिकाचे शिक्के खरवडून त्यांवर आपले राष्ट्रचिन्ह उमटवले, त्याबद्दलही हळहळ ऐकू येते. जर्मनांनी ज्यांच्या गावात शाळेतल्या मुलांसकट माणसे गोळ्या घालून मारली, त्यांनी तो शिक्का का जपावा, हे त्या हळहळणाऱ्यांनी एकदा सांगावे. माझ्या मते ती खरवड हाच त्या रायफलीचा सर्वांत बोलका ठसा आहे.

असे बोलके ठसे वाचण्याऐवजी जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनातले विक्रेते स्वतःच बोलतात, ही आणखी एक आपत्ती. प्रत्येक टेबलामागच्या प्रत्येक आजोबांनी रायफल एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या नाहीतर नामांकित नेमबाजाच्याच हातून हिसकावलेली असते. साधा, थंडीने कुडकुडणारा, उपाशी शिपाई कोणालाच कधी शरण आलेला नसतो. गोष्टीला स्वतंत्र किंमत असते आणि ती रायफलीच्या किमतीत मिळवलेली असते. मी खिशातून भिंग काढले की विक्रेत्याच्या कथेला वेग येतो, आणि विजेरी लावली की आजोबांची बढती होते. एकदा तर दस्त्यावरचा ठसा इतका ताजा होता की त्याच्या कडेला लाकडाचा पांढरा तंतू अजून उभा होता. मी तो नखाने अलगद दाबला. विक्रेत्याने आकाशाकडे पाहिले.

विनोद येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. बीएनझेड ही खूण ऑस्ट्रियातल्या श्टायर कारखान्याची, आणि त्या कारखान्यासाठी गुझेनच्या छळछावणीतले कैदी शस्त्रांचे भाग घडवत होते. जर्मनीतल्या वायमारच्या गुस्टलॉफ कारखान्याने तर बुखेनवाल्ड छावणीला लागूनच आपली शाखा उभारली; २४ ऑगस्ट १९४४ रोजी तिच्यावर बॉम्ब पडले तेव्हा शेकडो कैदी मेले. ही अक्षरे वहीत उतरवताना मी चहाचा कप टेबलावर ठेवत नाही.

सासूबाईंनाही मी हे सांगितले. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या यशवंतरावांच्या समोरची बंदूक हीच का?" माणगावच्या बाईने हा प्रश्न विचारणे स्वाभाविकच होते. नाईक यशवंत घाडगे त्याच तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात साथीदार पडल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ठाणे जिंकले आणि तिथेच जर्मन नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी म्हणालो, "हीच असे नाही, पण हिच्याच जातीची." सासूबाईंनी हातातला बोल्ट वर्तमानपत्रावर ठेवला आणि बोटे पदराला पुसली.

यानंतर त्या माझा छंद बंद पाडतील, अशी आशा सौभाग्यवतींना वाटत होती. सासूबाईंची विचारसरणी वेगळी निघाली. दोन दिवस विचार करून त्यांनी जेवताना सांगितले की, शत्रूची हत्यारे आपल्या माणसाच्या ताब्यात आहेत हे एकंदरीत बरेच झाले, राहिला प्रश्न मंगळाचा, आणि मंगळाला मंगळ चालतो. "जिचा बोल्ट जुळत नाही अशी दुसरी एखादी आणा. हिचा बोल्ट तिच्यात आणि तिचा हिच्यात निघाला, तर दोघींचे कल्याण."

शास्त्रदृष्ट्या हे अशक्य नाही. हरवलेल्या बोल्टची आणि त्याच्या रायफलीची वर्षानुवर्षांनी गाठ घालून देणारे संग्राहक खरोखरच आहेत. मी भाताचा घास हातातच ठेवून सौभाग्यवतींकडे पाहिले. "अहो, जेवा," एवढेच त्या म्हणाल्या. जेवण झाल्यावर मात्र त्यांनी विमान कंपनीला फोन लावून आईचे परतीचे तिकीट अलीकडच्या तारखेला मिळेल का, याची चौकशी केली.