टीव्ही बदलायचा की नुसती स्टिक खोचायची?

नाना नवा टीव्ही घ्यायला निघाले होते. जुन्याला काय झालं, तर म्हणाले, "काही नाही रे, चित्र अजून झकास आहे. पण एक अ‍ॅप उघडलं की पाटी येते, 'या टीव्हीवर आता चालणार नाही.' आणि दुसरं उघडायलाच इतका वेळ घेतं की तोवर बघायची हौस फिटते."

"मग अख्खा टीव्ही कशाला बदलताय?" बंड्या उसळला. "मागे एचडीएमआय पोर्ट आहे ना? तिथे स्ट्रीमिंग स्टिक खोचा, नेटवरून अ‍ॅप चालवणारी छोटी डबी. टीव्ही नुसता पडदा, डोकं बाहेरचं."

मास्तर लगेच, "म्हणजे एका खोक्याने मान टाकली म्हणून त्याला दुसरं खोकं. छान इलाज आहे."

मास्तरांचा विरोध आधी ठरतो, मुद्दा मागाहून येतो. या वेळी मात्र मुद्दा दमदार होता. "स्टिक काय अमर असते? डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर बंद पडलं, तसंच ते रोकू कंपनीच्या काही जुन्या प्लेअरवरही, म्हणजे असल्याच डब्यांवर, बंद पडलं. आणि मार्च २०२५ आठवतो? गूगलच्या अशाच डब्या, दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, जगभर एकदम आडवे झाले. बिघाड कशातच नव्हता. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली, आणि फोन त्या डबीला ओळखच दाखवेनात. ज्यांनी घाईने फॅक्टरी रिसेट मारला, त्यांचे तर आणखी हाल. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून निभावलं."

"अहो मास्तर, मी तेच सांगतोय," बंड्या म्हणाला. "मरायचंच असेल तर स्टिकने मरावं, टीव्हीने का? सॉफ्टवेअर थकलं म्हणून एवढी मोठी चांगली काच भंगारात काढायची?"

इथे मी बंड्याच्या बाजूचा. टीव्हीचं सॉफ्टवेअर आणि आतली चिप पॅनेलच्या कितीतरी आधी म्हातारी होतात, आणि सगळंच काही अपडेटने सुधारत नाही. एव्ही१ नावाचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून पाठवायची पद्धत, २०१८ मध्ये आला. कमी डेटात तितकंच चांगलं चित्र, म्हणून मोठ्या सेवा तो वापरू लागल्या. त्याच्या आधीच्या टीव्हींच्या चिपमध्ये तो उलगडणारा भागच नाही. कंपनीने कितीही मनावर घेतलं तरी तो वायफायवरून उतरवता येणार नाही. नवी स्टिक तो घेऊनच येते. अर्थात सगळ्या स्टिक नाहीत, तेवढं घेण्याआधी बघावं.

राजा वायरिंगची कामं करतो, त्याला ही तात्त्विक चर्चा सोसत नाही. "लोक स्टिक आणतात आणि अ‍ॅडाप्टर खोक्यातच ठेवून टीव्हीच्या यूएसबीतून वीज देतात. ते पोर्ट साधं २.० असलं तर त्याची हमी ५०० मिलिअँपिअरची. स्टिकला एक अँपिअरच्या आसपास लागतो. मग ऐन रंगात आल्यावर ती रीस्टार्ट होते, आणि शिव्या कंपनीला. शिवाय टीव्ही बंद केला की हिची वीज जाते, दर वेळी पहिल्यापासून सुरू. आणि खोक्यात ती बोटभर एचडीएमआयची वायर येते ना, ती फेकू नका. टीव्हीच्या पाठीला चिकटून बसलेल्या स्टिकला वायफाय नीट मिळत नाही, त्या वायरने ती जरा मोकळी लोंबते."

"आणि नेटच रडत असेल तर?" नाना.

"तर स्टिक काय करणार? फोरकेसाठी नेटफ्लिक्सच १५ एमबीपीएसचा वेग सांगतं, फुल एचडीला ५. तेवढं टीव्हीच्या जागेवर मिळतंय का ते फोनवर तपासा. राउटरशेजारी उभं राहून नव्हे."

रिमोटचा विषय सुमीने काढला. तिच्या आईकडे स्टिक बसवली, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू: "अगं, सगळं काळं झालंय." झालेलं एवढंच असायचं, की आई जुन्या सवयीने टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबायची आणि 'नो सिग्नल'वर जाऊन अडकायची. उपाय टीव्हीतच होता. एचडीएमआय-सीईसी म्हणून एक सोय असते. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटचं बटण दाबताच टीव्ही जागा होतो, आपणहून त्या इनपुटवर येतो, बहुतेक वेळा आवाजही त्याच रिमोटने. पण सेटिंगमध्ये ती या नावाने सापडेल तर शपथ. सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिमप्लिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. सुमीने टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात ठेवून दिला, तेव्हापासून फोन बंद. माझ्या मते स्टिकच्या बाजूने दिवसभरात झालेला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद.

बंड्याला तेवढ्यात नवीन काहीतरी सुचलं. "त्यापेक्षा तो बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स घ्या नाना. सगळं फुकट दिसतं."

"फुकट?" राजा खवळला. "जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिलाय, बॅडबॉक्स २.० नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरचा. असल्या कितीतरी बॉक्समध्ये विकायच्या आधीच घाण भरलेली असते. तू मालिका बघत बसणार आणि तुझ्या नेटवरून दुसराच कोणीतरी धंदे करणार. आणि वर फोरके छापलेलं असलं तरी वाइडवाइनचं, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाचं, एल१ प्रमाणपत्र नसेल, तर बड्या सेवा ४८०पीवरच, म्हणजे एचडीहूनही कमी, चित्र देतात. चारपट काच, चिमूटभर चित्र."

बंड्या गप्प. फार वेळ नाही, पण गप्प.

मग मास्तरांनी हेरगिरी काढली. टीव्हीत एसीआर असतं, पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारं. त्यापायी विझिओ या टीव्ही कंपनीला २०१७ मध्ये अमेरिकेत २२ लाख डॉलर भरावे लागले. सुमी म्हणाली, मग स्टिकने सुटका होते की. तर नाही. एसीआर पडद्यावरचं चित्रच वाचतं, त्यामुळे एचडीएमआयमधून आलेलंही त्याला दिसू शकतं. टीव्हीचं वायफाय तोडायचं आणि नेट फक्त स्टिकला द्यायचं, तेव्हा कुठे एक हेर कमी होतो. दुसरा उरतोच, स्टिकही काय उघडलं ते टिपत असते आणि पहिल्याच पानावर जाहिराती लावते.

"मग मी करू काय?" नाना वैतागले.

"चित्र झकास आहे म्हणालात ना?" मास्तर म्हणाले. "मग टीव्ही मुळीच बदलू नका." बंड्या मास्तरांकडे बघतच राहिला.

राजाने विचारलं, एचडीएमआय पोर्ट मोकळं आहे का? नानांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला, नातीला टीव्हीच्या मागे डोकवायला लावलं. "एक मोकळं आहे म्हणते, त्यावर एआरसी लिहिलंय."

"ते साउंडबारसाठी असतं. साउंडबार आहे?"

"नाही."

"मग खुशाल त्यात खोचा, चालतं. पुढे साउंडबार घेतलात तर मात्र ते मोकळं करावं लागेल."

"झालं," मास्तर उठत म्हणाले, "आता साउंडबारही घ्यायला लावा त्यांना."