धनुष्य कोणतेही असो, नाक मुरडलेले असावे

तिरंदाजीच्या मैदानावर नवा मुलगा आला की पाय कसे रोवावेत, खांदा वर कसा चढू देऊ नये आणि दोरी हनुवटीला नेमकी कोठे टेकवावी, हे प्रशिक्षक त्याच्याकडून महिनोन्महिने घोटून घेतात. शेजारी दुसऱ्या जातीचे धनुष्य घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुच्छ कसे लेखावे, हे मात्र त्याला कोणी पद्धतशीरपणे शिकवत नाही. बिचाऱ्याला ते चहाच्या टपरीवर, स्पर्धेच्या गावी जाताना एसटीत आणि जेवणाच्या रांगेत इकडून तिकडून वेचावे लागते, आणि मग ऐन प्रसंगी त्याच्या तोंडून "वा, छान मारलास" असे काहीतरी निसटून जाते. ही उणीव दूर व्हावी म्हणून रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्यापायी उभे तारुण्य घालवलेल्या एका अनुभवी माणसाचे हे चार शब्द आपल्यापुढे ठेवत आहे.

प्रथम आपण रिकर्व्हवाले आहात असे समजू, कारण मी तोच आहे आणि अर्थातच तोच प्रकार श्रेष्ठ आहे. कंपाउंड धनुष्याचा उल्लेख आपण नेहमी 'मशिन' असाच करावा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवली आणि १९६९ साली त्याचे पेटंट मिळवले, एवढी माहिती तोंडपाठ असावी. ती सांगताना 'चाके' या शब्दावर असा जोर द्यावा की ऐकणाऱ्याला सायकलचे दुकान आठवावे. आपल्या हातातले धनुष्यही धातूच्या रायझरचे, म्हणजे मधल्या दांड्याचे, आणि कार्बनच्या 'लिंबां'चे, म्हणजे वरखालच्या पात्यांचे आहे, त्याला पुढे तोल सांभाळणारा हातभर लांबीचा स्टॅबिलायझर, वर नेम धरायची साइट आणि बाण पुरता ओढला गेल्याची वर्दी देणारा क्लिकर लावलेला आहे, ही गोष्ट अशा वेळी मनात आणू नये. क्लिकरचा 'टिक' हा आवाज म्हणजे परंपरा आणि कॅमचे, म्हणजे त्या चाकांचे, फिरणे म्हणजे लबाडी, एवढा भेद पक्का असला की पुढचे सोपे जाते.

यानंतर वजनाचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा मुद्दा काढावा. कंपाउंडवाला साठ पाउंडांपर्यंतचे धनुष्य ओढतो हे खरे. पण पुरते ओढल्यावर कॅम फिरतो, त्यातला पाऊणएक भार नाहीसा होतो आणि तो पंधराएक पाउंड धरून निवांत नेम घेतो, तर आपण मात्र चाळीस-पंचेचाळीस पाउंड तीन बोटांवर तोलत थरथरत उभे असतो. हे सांगताना बोटांवरचे घट्टे दाखवावेत. समोरचा मात्र हिशेबी निघाला तर पंचाईत होते. रिकर्व्हचे लक्ष्य सत्तर मीटरवर असते आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचे, कंपाउंडचे लक्ष्य पन्नास मीटरवर आणि त्याचे वर्तुळ आठ सेंटीमीटरचे. त्रैराशिक मांडले तर नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही वर्तुळे जवळपास सारखीच दिसतात आणि कंपाउंडचे तर किंचित लहानच भरते. म्हणून असा वाद नेहमी कागद-पेन्सिल हाताशी नसेल तेथेच घालावा.

ऑलिम्पिक हे रिकर्व्हवाल्याचे ब्रह्मास्त्र होय. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी परतली, तेव्हापासून तेथे फक्त आपलेच धनुष्य चालत आले आहे, हे वाक्य दिवसातून एकदा तरी उच्चारले जावे. ते उच्चारून झाल्यावर मात्र लगेच विषय बदलावा, कारण थोडा जरी वेळ दिला तरी समोरचा विचारतो की मग त्या ऑलिम्पिकमधून तिरंदाजीचे भारतीय पदक आजवर किती आले. आणि पॅरिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारात मिळालेला चौथा क्रमांक हा पदकाइतकाच मोठा असतो, हे पटवण्यात आपली सारी संध्याकाळ जाते. शिवाय २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णे भारतानेच आणली होती, हे त्याला हटकून ठाऊक असते. त्यातच हे अस्त्र आता मुदतबाह्य होण्याच्या बेतात आहे, कारण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार घेण्याचे ठरले आहे. तेव्हा दूरदृष्टीच्या रिकर्व्हवाल्याने आतापासूनच "ऑलिम्पिकमध्ये आता पूर्वीसारखे काही राहिले नाही" असे म्हणण्याचा सराव सुरू करावा.

"मशिनच सगळे करते, माणसाला काय करायचे असते" हे आपले दुसरे लाडके वाक्य. ते केव्हाही वापरावे, फक्त शीतल देवीची चित्रफीत चालू असताना वापरू नये. दोन्ही हात नसलेली ती मुलगी पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या जोरावर ते ओढते, आणि पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात तिने राकेश कुमारसोबत कांस्यपदक मिळवले, तेही याच चाकांच्या धनुष्याने. ते पाहताना आपले वाक्य अर्ध्यावर घशात अडकते आणि आवाज उगाच घोगरा होतो, असा अनुभव आहे.

आता आपण कंपाउंडवाले असाल तर आपले काम फारच सोपे आहे, कारण आपल्याजवळ आकडे आहेत. रिकर्व्हवाल्याने नऊ मारले की तो आनंदाने मूठ वळतो. आपण तेथेच उभे राहून "आमच्यात नऊला चूक म्हणतात" असे हळूच, पण त्याला ऐकू जाईल इतपत म्हणावे. २०२३च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत अंतिम लढतीत ओजस देवतळेने पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण केले आणि पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचा एकच गुण कमी पडला म्हणून त्याचे सुवर्ण गेले, ही हकिकत आपण अशा थाटात सांगावी की ते पंधरा बाण आपल्याच भात्यातून गेले होते. रिकर्व्हवाला वाऱ्याविषयी बोलू लागला की आपण मौन पाळून शांतपणे आभाळाकडे पाहावे. या एका नजरेने जितके काम होते, तितके दहा वाक्यांनी होत नाही.

साताऱ्याने मात्र आपणा सर्वांची मोठी अडचण करून ठेवली आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह घेऊन टोकियो ऑलिम्पिकला गेला, आणि त्याच जिल्ह्याची अदिती स्वामी कंपाउंड घेऊन सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. वर आमच्या नागपूरचा ओजसही सरावाला तेथेच जाऊन राहिला. एकाच जिल्ह्याच्या मातीने असे दोन्ही दगडांवर पाय ठेवल्यावर सातारकराने कोणाचा अभिमान बाळगायचा आणि कोणाला नाक मुरडायचे? माझ्या मते त्याने या बाबतीत तालुक्याच्या पातळीवर उतरावे.

बेअरबोवाल्याविषयी, म्हणजे उघडेबोडके धनुष्य वापरणाऱ्याविषयी, फार सांगण्यासारखे नाही, कारण तो स्वतःच स्वतःविषयी पुष्कळ सांगत असतो. साइट नाही, क्लिकर नाही, लांब दांड्या नाहीत, आणि दोरी उतरवलेले अख्खे धनुष्य १२.२ सेंटीमीटरच्या कड्यातून आरपार गेले पाहिजे असा नियम. या अपरिग्रहाचे तेज त्याच्या चेहऱ्यावर असते. अशा वेळी आपण फक्त त्याच्या उजव्या हाताकडे पाहत राहावे. कोणत्या अंतराला दोरीवर बोटे किती खाली सरकवायची, हे तो बोटांवरच्या संरक्षक टॅबच्या कडेचे टाके अंगठ्याच्या नखाने एकेक करून मोजत असतो. "किती टाके झाले, साहेब?" असे अदबीने विचारले की त्याचा संन्यास थोडा वेळ स्थगित होतो.

राहता राहिला बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड, तीस आणि पन्नास मीटरचा. याच्याशी वागण्याची रीत सर्वांत नाजूक आहे, कारण येथे तुच्छता दाखवायची नसते, आदर दाखवायचा असतो. त्या धनुष्याला 'आपला वारसा' म्हणावे, उद्घाटनाला पाहुण्यांच्या हाती तेच द्यावे आणि छायाचित्रातही तेच मधोमध असावे. लिंबाराम राजस्थानच्या आदिवासी पाड्यावर बांबूच्या धनुष्यानेच शिकला आणि ऑलिम्पिकपर्यंत गेला, हे भाषणात जरूर सांगावे. आणि भाषण संपले की त्याच धनुष्याचा पाड्यावरून आलेला मुलगा समोर असेल तर त्याला मैदानाच्या कडेचे, कुंपणाजवळचे लक्ष्य द्यावे. त्याचे गुण किती झाले हे मात्र चुकूनही विचारू नये, कारण वारशाला गुण नसतात. एकलव्याचे नाव निघाले तर पटकन दुसरे काही बोलावे. त्या कथेतला अंगठा आज रिकर्व्हवाल्याकडे मागितला असता तर त्याचे फारसे अडले नसते, तो तीन बोटांनी दोरी ओढतो आणि अंगठा हनुवटीखाली मुडपून ठेवतो. कंपाउंडवाल्यांपैकी अनेकांच्या रिलीजचा, म्हणजे दोरी सोडण्याच्या साधनाचा खटका मात्र अंगठ्यानेच दाबायचा असतो. म्हणजे गुरुदक्षिणेचे हे ओझे कोणी उचलायचे, यावरून मैदानात नवा तंटा उभा राहायचा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. दुसऱ्याचे धनुष्य कधीही हातात घेऊ नये. मी हे पथ्य एकदा मोडले. सराव संपला होता, मैदानावर एक कंपाउंडवाला मुलगा, एक बांबूवाला आणि मी असे तिघेच उरलो होतो, आणि "काका, बघा की एकदा मारून" असे कोणीतरी म्हणाले. कंपाउंड मी अर्ध्यापर्यंत ओढले. तेथून पुढे ते मला ओढू लागले, आणि चाकांना शिव्या देण्याइतका श्वासही उरला नाही. मग बांबूचे घेतले. त्याला साइट नव्हती, बाण टेकवायला रेस्ट नव्हती, आणि सुटताना पीस मुठीवरून असे गेले की कातडीला लाल रेघ उमटली. तीस मीटरवरून सहा बाण मारले, त्यांतले दोन लक्ष्यात घुसले आणि चार मागच्या गवतात गडप झाले.

बाण शोधायला आम्ही तिघेही गेलो. बांबूवाल्याने चपला काढल्या आणि तो तळपाय गवतात घासत, नांगर धरल्यासारखा सरळ रेषेत हळूहळू चालू लागला. पायाला काडी लागली की वाकायचा, बाण मातीतून अलगद ओढून सदऱ्याला पुसायचा. चौथा बाण माझ्या हातात देताना तो म्हणाला, "काका, डावी मूठ लई आवळताय तुम्ही." हेच वाक्य गेली कित्येक वर्षे मी रोज सकाळी नव्या मुलांना सांगत आलो आहे. मी म्हणालो की मूठ ठीक होती, वारा होता.

कंपाउंडवाला मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "हो काका, होता थोडा." कुंपणावरच्या वेलीचे पानसुद्धा हलत नव्हते.