पंधरा पातेल्यांचा हिशेब

मंग्या रात्रपाळी करून थेट कट्ट्यावर आला होता. अशा वेळी पक्याने रविवारच्या शिबिराचा विषय काढायलाच नको होता.

पण गप्प बसला तर तो पक्या कसला! हातात ती काकडीच्या चकत्या नि पुदिना घातलेली बाटली, आणि तोंडात एकच शब्द, टॉक्सिन, म्हणजे अंगात साठलेलं विष. "एकवीस दिवस काढा प्यायचा, दोन वेळा वाफ घ्यायची. किडनी आतून धुऊन निघते, लेका. तुम्ही सगळे या."

"कुठलं टॉक्सिन?" मंग्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "एकाचं नाव सांग."

"असतात की. सगळ्यांच्यात असतात."

"मी सांगतो. युरिया. प्रथिनं वापरली गेली की लिव्हर तयार करतं. दुसरं क्रिएटिनिन, ते स्नायूंतून येतं. हे दोन आकडे मी रोज रिपोर्टात बघतो. काकडीला घाबरून पळताना एकही बघितला नाही."

मंग्या डायलिसिस टेक्निशियन आहे, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनवर गाळून द्यायचं काम करतो. त्याच्यासमोर किडनी धुण्याची भाषा म्हणजे गवंड्याला शेणाने पूल सांधायला सांगणं.

"ती रोज 180 लिटर गाळते, पक्या. रक्तातलं पाणी जेमतेम तीन लिटर, तेच दिवसातून साठ वेळा गाळून निघतं. प्रत्येक किडनीत दहाएक लाख गाळण्या. आणि तू तिला धुणार?"

रफिकने स्टोव्ह बारीक केला. "माझं पातेलं बारा लिटरचं. म्हणजे पंधरा पातेली? मग माणूस दिवसभर संडासातच बसायला पाहिजे."

"दीडेक लिटरच बाहेर टाकते. बाकीचं पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ, सगळं परत रक्तात."

"हा तर पक्याच झाला!" नाना म्हणाले. "वर्गणी देताना पाचशे दाखवतो आन् मांडवामागं चारशे नव्वद परत मागतो."

झालं. 2014 च्या गणपतीचा हिशेब निघाला, त्यातून चुंबकाच्या गाद्या निघाल्या. त्या पक्यानेच आम्हा सगळ्यांच्या गळ्यात मारल्या होत्या. रफिकची अजून माळ्यावर आहे. पक्या म्हणाला, गादीने त्याच्या सासऱ्यांची पाठ दुखायची राहिली. सासरे स्वतः दर शनिवारी इथे येऊन पाठ धरून बसतात, हे सगळ्या चौकाला माहीत आहे.

"ते सोडा," पक्या लालबुंद झाला. "पाणी तरी चांगलं ना? मी आठ लिटर पितो."

"तहानेप्रमाणे पी. उन्हात काम केलंस तर जास्त पी. उगीच ढोसू नकोस. किडनी तासाला लिटरभर टाकेल फार तर. त्याच्यावर गेलास तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. आणि उलटी बाजू बघायची तर हे बघ, नाना. एसटीवर बत्तीस वर्षं. मुतारी कुठे मिळेल सांगता येत नाही म्हणून पाणीच प्यायचे नाहीत. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून संप्रेरक सुटतं, किडनी पाणी अडवून धरते, लघवी गडद पिवळी होते. दोनदा मुतखडा उगीच नाही झाला."

"धा मिलीमीटरचा होता," नाना म्हणाले. मुतखड्याचं माप ते पदकासारखं सांगतात.

मग पक्याने ती गोष्ट केली. माझ्याकडे वळून आपुलकीने म्हणाला, "मावशीला शहाळं पाठवतो उद्या. दोन. नैसर्गिक आहे, किडनीला थंड."

मंग्या उठून उभाच राहिला. "खबरदार! शहाळ्यात पोटॅशियम असतं. चांगली किडनी ते लघवीतून टाकते. मावशीची टाकत नाही. रक्तात साठलं तर हृदय बंद पडतं."

कुणी काही बोललं नाही. मावशीचं सगळ्यांना माहीत आहे. आठवड्यात तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास. त्यासाठी तिच्या डाव्या हातात शीर नि धमनी जोडलेली आहे. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली माशी अडकल्यासारखी थरथर लागते. ती रोज सकाळी स्वतः बोट ठेवून बघते, थरथर आहे ना. दिवसभराचं पाणी एका तांब्यात भरून ठेवते आणि घोटाघोटाने पुरवते. उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा जिभेवर धरून बसते. पायांना सूज आली तेव्हा आम्ही तेल चोळत राहिलो होतो. शुगर पंधरा वर्षांची, पण लघवीतली प्रथिनं एकदाही तपासली नव्हती.

"आमचं मशीन आठवड्यात बारा तास चालतं," मंग्या हळू आवाजात म्हणाला. "किडनी 168 तास. आणि क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत निम्मं काम गेलेलं असतं. शुगर, बीपी असेल त्याने वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासावी. शिबिराच्या पैशात होतं."

पक्या बाटलीचं झाकण लावत, उघडत बसला. "मला माहीत नव्हतं रे," म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं.

"नाना, आता तुमचं. गोळी दाखवा."

"कसली गोळी?"

"गुडघ्याची. गिधाडं आठवतात? जनावरांना डायक्लोफिनॅक टोचायचे. ते जनावर मेलं नि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद. आभाळ रिकामं झालं, तेव्हा 2006 ला जनावरांसाठी बंदी आली. तुमच्या खिशात तेच औषध आहे. एका गोळीनं माणसाला तसं होत नाही. पण बीपी असताना, पाणी न पिता, रोज?"

"आरं पन गुडघं दुखत्यात त्येचं काय?"

"डॉक्टरांना दाखवा. मी येतो बरोबर."

नानांनी पट्टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. चार गोळ्या उरल्या होत्या.

"आणि त्या दुसऱ्या खिशातली?" पक्या एकदम बोलला. "काल मीच आणून दिली की."

रफिकच्या हातातला चहा सांडला इतका तो हसला. नानांनी पक्याला एक शिवी हासडली, दुसरी पट्टीही काढून दिली आणि गुडघे धरत उठले.

"कुठं निघालात?"

"मुतारीला. बत्तीस वर्सं दाबून धरली, आता एक मिनिट न्हाय थांबनार."

"रंग बघून या!" रफिक ओरडला.